पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी : बालीत गुढी उभारू का?

केतकीबन | २२ फेब्रुवारी २०२६

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज तुमचा सल्ला हवाय.

पावणेदोन वर्षांपासून आम्ही बालीत राहतो, देनपासारमधल्या सानूरला. यंदा पाडवा १९ मार्चला आहे आणि नेमकी त्याच दिवशी इथे न्येपी. बालीचं शकवर्ष १९४८ त्या दिवशी सुरू होतं. आपल्याकडेही शालिवाहन शके १९४८ त्याच दिवशी लागतं. आकडासुद्धा तोच! पण नववर्ष पाळायची रीत पार उलटी. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत सगळं बेट गप्प. चार बंधनं असतात: आग-दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पडायचं नाही, करमणूक नाही. विमानतळ चोवीस तास बंद. २०१८ पासून मोबाइलचं इंटरनेटही त्या दिवशी बंद ठेवतात. रस्त्यावर फक्त पचालांग, म्हणजे काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले गावचे राखणदार. कुणाच्या खिडकीतून उजेड दिसला की येऊन सांगतात.

आम्ही एका बाली कुटुंबाच्या वाड्यात भाड्याने राहतो. भोवती उंच भिंत, एका कोपऱ्यात त्यांचं कुलदैवताचं देऊळ, मध्ये अंगण. घरमालकिणीला आम्ही इबू म्हणतो. गेल्या वर्षी २९ मार्चला न्येपी होती आणि ३० ला पाडवा. सहाला न्येपी सुटली आणि सातला आमची गुढी गच्चीवर उभी. शेजारचे लोक येऊन विचारायला लागले, "आत्ता पेन्जोर? गालुंगानला तर अजून तीन आठवडे आहेत!" पेन्जोर म्हणजे त्यांच्या गालुंगान सणाचा बांबू, त्याबद्दल खाली कुणी जाणकार लिहीलच.

यंदा काय करू? गुढी आवाज करत नाही, उजेड पाडत नाही. पण गच्चीवरची गुढी रस्त्यावरून दिसते. निरांजन लावता येणार नाही. चूल पेटवता येणार नाही. लहानपणापासून गुहागरला एकही पाडवा गुढीशिवाय गेला नाही, आणि लेक सहा वर्षांचा आहे, त्याला हे दिसायला हवं असं फार वाटतं. दुसरीकडे, ज्यांच्या अंगणात राहतो त्यांचा वर्षातला सगळ्यात पवित्र दिवस आहे तो.

इंडोनेशियात राहिलेल्यांनी, राहणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहा. इतर सणांबद्दलही लिहा, सगळं वाचायला आवडेल.

---

चाकरमानी | २२ फेब्रुवारी

सहाच्या आधी उभारा, नमस्कार करा, आत घ्या. प्रश्न मिटला. मी जकार्ताजवळ बकासीला असतो, आमच्याकडे न्येपीची सरकारी सुट्टी असते पण रस्ते नेहमीसारखेच वाहतात.

---

पाटीपेन्सिल | २३ फेब्रुवारी

चाकरमानी, इथेच अडचण आहे. १९ तारखेला भारतात सकाळी सातच्या जरा आधी अमावास्या संपते आणि मग प्रतिपदा लागते. बाली आपल्या अडीच तास पुढे. म्हणजे ताईंच्या घड्याळात सव्वानऊ वाजून गेल्यावर. सहाच्या आधी उभारली तर ती अमावास्येला उभारल्यासारखं होईल. आणि भारतात २० च्या सूर्योदयाआधीच प्रतिपदा संपतेय, म्हणून आपल्याकडच्या पंचांगाप्रमाणे दुसऱ्या दिवशीवरही ढकलता येत नाही. यंदाची गुढी न्येपीच्या पोटातच उभारावी लागणार.

अवांतर: दरवर्षी असं जुळत नाही. २०२० आणि २०२३ ला जुळलं होतं. २०२४ ला न्येपी ११ मार्चला झाली आणि पाडवा ९ एप्रिलला. अधिक महिना दोघांकडे आहे, पण तो कधी घालायचा याचा त्यांचा हिशोब वेगळा आहे.

---

नागपुरी संत्रं | २३ फेब्रुवारी

न्येपीच्या आदल्या संध्याकाळचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी २०२३ ला होतो तिथे. प्रत्येक वस्तीतली पोरं महिना-दोन महिने खपून बांबू आणि कागदाचे अवाढव्य राक्षस बनवतात, ओगोह-ओगोह. सुळे, लोंबती जीभ, डोळे बाहेर आलेले. बांबूंच्या चौकटीवर ठेवून वीस-तीस जण खांद्यावर घेतात, चौकात आले की गरागरा फिरवतात, म्हणजे भूतपिशाच्चांचा रस्ता चुकावा. ढोल, झांजा, मशाली, नुसता कल्ला. रात्री पुष्कळ ठिकाणी ते जाळून टाकतात. आणि सकाळी सहाला अशी शांतता की मला माझ्याच कानातला आवाज ऐकू येत होता.

ते बघताना माझ्या तोंडून आपोआप निघालं: "घेऊन जा गे मारबत!" नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे निघतात, सोबत बडग्यांचे, आणि सगळं शहर इडापिडा घेऊन जा म्हणून ओरडतं. तेच काम, तीच गर्दी, तीच पोरं. शेजारी उभ्या असलेल्या बाली माणसाला मी मोबाइलवर मारबतीचा फोटो दाखवला, तर त्याने विचारलं, "हा कुठल्या गावचा ओगोह-ओगोह?"

---

सुपारीफुल | २३ फेब्रुवारी

संत्रंभाऊ, शेवटचं वाक्य वाचून मोठ्याने हसले. फोटो टाका की.

---

बावनकशी | २४ फेब्रुवारी

मला एक कळत नाही, आपला सण करायला एवढा विचार का करायचा? बालीतले लोक हिंदूच आहेत. शक आपलं, पंचांग आपलं, देव आपले. बिनधास्त गुढी उभारा, उलट त्यांना आनंद होईल. मूळ परंपरा भारतातूनच गेलेली आहे.

---

केतकीबन | २४ फेब्रुवारी

बावनकशी, तुमची भावना कळते, पण मला हे पटत नाही. शक इथे पोचलं त्याला हजार वर्षांहून जास्त काळ झाला. तेवढ्या काळात त्यांनी त्याचं आपलं काहीतरी घडवलं आहे. न्येपी आपल्याकडे कुठे आहे? एक दिवस चाळीस-पंचेचाळीस लाख लोकांनी मिळून दिवे मालवून बसायचं, हे आपण कधी केलेलं नाही. आपल्याकडून गेलं म्हणून आपलं, असं म्हणून मी त्यांच्या अंगणात उभी राहिले तर इबूंकडे वर बघायचं धैर्य मला होणार नाही.

---

आजोळ | २४ फेब्रुवारी

केतकीबन, शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. मी अकरा वर्षं उबुदला काढली, आता पुण्यात परत आले आहे. थोडं सविस्तर लिहिते.

पेन्जोर हा एक लांब, सडसडीत बांबू. वरचं टोक वाकून रस्त्यावर झुकलेलं. त्याला कोवळ्या माडाच्या पातीची नक्षी, भाताच्या लोंब्या, नारळ, केळी, कंद, कापडाची पट्टी. पायथ्याशी छोटा मखर. गालुंगानच्या आदल्या दिवशी घराघरापुढे उभा राहतो. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी शंभर बांबू आपल्यावर झुकलेले असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं, कारण माझी गुढी एकटीच होती आणि इथे सगळी गल्ली गुढ्यांची. पण नीट पाहिल्यावर फरक दिसतो. गुढी त्याच दिवशी उतरते, पेन्जोर पस्तीस दिवस उभा असतो, मग तो जाळून राख पुरतात. गुढीवर तांब्या पालथा घालतो, पेन्जोरवर शेतातलं सगळं पीक.

गालुंगान दर २१० दिवसांनी येतो. यंदा १७ जूनला. धर्माचा अधर्मावर विजय म्हणतात, पण घरातल्या लोकांना त्यापेक्षा मोठं वाटतं ते हे, की त्या दिवशी पितर घरी येतात आणि दहा दिवसांनी कुनिंगानला परत जातात. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या आजी दोन दिवस आधीपासून नवऱ्याच्या आवडीचं काय काय करत बसायच्या. पितृपक्ष आणि दिवाळी एकाच सणात आल्यासारखं वाटायचं.

आणि वार ऐका: रेदिते, सोमा, अंगारा, बुद, व्रस्पती, सुक्र, सनिस्चर. मी भाजीवालीकडून शिकले. "उद्या अंगारा" असं ती म्हणायची तेव्हा मला दरवेळी संकष्टी आठवायची.

सरस्वतीचा दिवसही २१० दिवसांनी. सगळी पुस्तकं, ताडपत्रं एकत्र मांडून नैवेद्य दाखवतात आणि पूजा होईपर्यंत कुणी वाचायचं नाही. आपल्या दसऱ्याच्या पाटीपूजनाची आठवण येते. तुंपक लांदप नावाचा दिवस लोखंडाचा. पूर्वी शस्त्रं, हल्ली स्कूटर, मोटारी, हातोड्या, सगळ्यांना फुलं. खंडेनवमीला माझे बाबा स्क्रूड्रायव्हरला कुंकू लावायचे, अगदी तसंच.

---

बावनकशी | २५ फेब्रुवारी

आजोळ, सुंदर लिहिलंत. पण गालुंगानच्या आदल्या दिवशी घरोघरी डुक्कर कापतात, रक्त घातलेला पदार्थ देवापुढे ठेवतात, हे का लिहिलं नाहीत? मी पर्यटक म्हणून गेलो होतो, ते बघून फार अस्वस्थ झालो. याला आपण सण म्हणायचं का?

---

आजोळ | २५ फेब्रुवारी

लिहायचं टाळलं नाही, राहून गेलं. हो, त्या दिवसाला पनांपाहान म्हणतात. पहाटे चार वाजता सगळे पुरुष अंगणात बसून मांस आणि नारळ बारीक चिरतात, त्याचा लावार करतात. मी शाकाहारी, मला सुरुवातीला जड गेलं. मग शेजारणी माझ्यासाठी कोवळ्या फणसाचा लावार वेगळा काढून ठेवायला लागल्या. अकरा वर्षं न चुकता.

---

काळा कडा | २५ फेब्रुवारी

बावनकशी दादा, आमच्या तळकोकणात राखणदाराला कोंबडा देतात, सोबत बाटली. धनगरवाड्यात, देशावरच्या किती जत्रांत बकरं पडतं. तेही आपलेच सण. बालीच्या लोकांना एक मोजमाप आणि आपल्याला दुसरं, असं नको.

---

बावनकशी | २५ फेब्रुवारी

मान्य. आमच्या घरी नव्हतं म्हणून मला ते परकं वाटलं. फणसाच्या लावारची गोष्ट लक्षात राहील.

---

चाकरमानी | २६ फेब्रुवारी

सगळे बालीबद्दलच बोलताहेत. बाली म्हणजे इंडोनेशिया नव्हे हो! इथे बहुसंख्य मुसलमान आहेत आणि सगळ्यात मोठा सण लबारान, म्हणजे रमझान ईद. यंदा तीही पाडव्याच्या लगतच येतेय.

माझ्या नावावरून कळलंच असेल, मी मूळचा राजापूरचा. वडील परळला गिरणीत होते. गणपतीत गाडीला लोंबकळून गावी जायचो. इथे आल्यावर पहिल्या लबारानला टीव्हीवर बातम्या पाहिल्या आणि बायकोला हाक मारली, "अगं ये, बघ, आपले चाकरमानी!" स्टेशनं तुडुंब, बंदरं तुडुंब, स्कूटरवर बापाच्या पुढे एक पोर, मागे आई, तिच्या मांडीवर दुसरं, पाठीला खोके बांधलेले, आणि निघालेत जावातल्या कुठल्यातरी खेड्यात आईला भेटायला. याला मुदिक म्हणतात. आठवडाभर जकार्ता इतकी रिकामी होते की तासाचा रस्ता पंधरा मिनिटांत कापतो. ईदेआधी किमान सात दिवस कामगाराला सणाचा बोनस द्यावा लागतो, वर्षभर काम केलेल्याला एका महिन्याच्या पगाराएवढा. तसा कायदाच आहे.

घरी पोचल्यावर पोरं, सुना, नातवंडं रांगेने आईबापांपुढे गुडघ्यावर बसतात, त्यांच्या हातांवर कपाळ टेकतात आणि म्हणतात, "वरवर आणि मनातून जे चुकलं असेल त्याची क्षमा असावी." आमच्या घरी काम करणाऱ्या बाईंनी पहिल्या वर्षी गावाहून परत आल्यावर माझ्या आईचे असे हात धरले. आई ऐंशीची, भाषा एक अक्षर कळत नव्हती. दोघी रडल्या. तेव्हापासून आई त्यांना तिळगूळ दिल्याशिवाय संक्रांत करत नाही.

आणि उपवासाला इथे काय म्हणतात माहितीये? पुआसा. आपल्या उपवासाचाच शब्द. मशिदीबाहेरच्या फलकावर तो वाचतो तेव्हा मला फार बरं वाटतं.

---

पाटीपेन्सिल | २६ फेब्रुवारी

चाकरमानींच्या पोस्टीला एक जोड. जावातही शक चालूच आहे! १६३३ साली मातारामच्या सुलतान अगुंगने जावाच्या पंचांगाचे महिने हिजरीप्रमाणे चांद्र केले, पण वर्षाचा आकडा हिजरीचा घेतला नाही. शक १५५५ चालू होतं, तिथूनच मोजणी पुढे नेली. जावानी लोक मोहरमच्या महिन्याला सुरो म्हणतात, आणि मोजणी शकाची असल्याने त्यांचं वर्ष अजून १९०० च्या घरात आहे. शालिवाहनाचा धागा असा कुठून कुठे गेलाय बघा.

---

निळी पहाट | २७ फेब्रुवारी

मी छत्रपती संभाजीनगरची. २०२५ ला १२ मेला वैशाख पौर्णिमेला जावातल्या बोरोबुदूरच्या बौद्ध स्तूपाशी होते. इथे त्याला वाइसाक म्हणतात, १९८३ पासून राष्ट्रीय सुट्टी आहे. न्येपीची सुट्टीही त्याच वर्षीपासून.

मन्दुतच्या लहान मंदिरापासून बोरोबुदूरपर्यंत भिक्खू आणि उपासक चालत जातात, तीन-साडेतीन किलोमीटर. सोबत पवित्र पाणी आणि ज्योत असते. ज्योत मरापेनहून आणतात, तिथे जमिनीतल्या वायूची आग आपोआप जळत असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावकरी उभे होते, जवळजवळ सगळे मुसलमान. हिजाब घातलेल्या एका मुलीने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. मला आमच्याकडे भीमजयंतीला मिरवणुकीत पाणी वाटणारी माणसं आठवली. मी लहानपणी बाबांबरोबर पाण्याच्या टाकीजवळ उभी असायचे, ग्लास विसळायला. तो पेला घेताना माझा हात थरथरत होता.

पांढरी साडी नेसून गेले होते. कुणीतरी विचारलं, कुठून आलात? म्हटलं, अजिंठा-वेरूळजवळून. त्यांनी हात जोडले.

---

मांडवी | २७ फेब्रुवारी

गोव्याहून. फ्लोरेस बेटावर लारांतुका नावाचं गाव आहे, पोर्तुगीजांच्या काळापासून कॅथलिक. तिथे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याला अजून "सेमाना सांता" म्हणतात. गुड फ्रायडेच्या रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात मारियेची मिरवणूक निघते, तिला तुआन मा म्हणतात. गोवा वेल्हाला लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, संतांची मिरवणूक पाहत वाढले, त्यामुळे लारांतुकाच्या रस्त्यावर उभी असताना आपण घरापासून इतक्या लांब आहोत हे विसरायला झालं.

---

सुपारीफुल | १ मार्च

धर्माचे सण झाले, आता माझी पाळी. मी सुरबायाला आहे, मूळ श्रीवर्धनची. मला विचाराल तर इंडोनेशियाचा खरा सगळ्यांचा सण १७ ऑगस्ट. १९४५ ला त्या दिवशी सकाळी दहाला सुकार्नोंनी जकार्तात स्वातंत्र्याची घोषणा वाचली. ऑगस्ट उजाडला की गल्लीच्या तोंडाशी कमान रंगते, लालपांढऱ्या पताका लागतात आणि सगळीकडे फलक: "दिर्गाहायु रिपब्लिक इंडोनेशिया". दीर्घायू! प्रजासत्ताकाला दीर्घायू व्हा म्हणणारा देश मला फार आवडतो.

आमच्या गल्लीत १६ च्या रात्री सगळे चटया टाकून रस्त्यावर बसतात. पिवळ्या भाताचा शंकू करून मध्ये ठेवतात, म्हातारी माणसं जुन्या आठवणी सांगतात, प्रार्थना होते, मग जेवण. दुसऱ्या दिवशी स्पर्धा. दोरीला टांगलेला कुरकुरीत पापड हात मागे बांधून खायचा. पोत्यात पाय घालून उड्या. चमचा तोंडात धरून गोटी न्यायची, आमच्या लिंबू-चमच्याची बहीणच.

आणि शेवटी पांजात पिनांग. पिनांग म्हणजे सुपारी, बरं का! सुपारीचं उंच खोड सोलून, तेल-वंगण चोपडून गुळगुळीत करतात. वर चक्र, त्याला सायकल, कुकर, कपडे, बादल्या टांगलेल्या. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात, घसरतात, सगळा मनोरा खाली. परत चढतात. आमच्या आगरात सुपारी काढणारा पायात दोरीची फास घालून सरसर वर जायचा, एका झाडावरून दुसऱ्यावर. त्याला इथे आणलं असतं तर पाच मिनिटांत सायकल खाली आली असती. दहीहंडी आणि आगर दोन्ही आठवतात मला, दरवर्षी.

---

नागपुरी संत्रं | १ मार्च

पण हा खेळ डच साहेबांनी सुरू केला, गरीब लोक चढताना पडताना बघून ते मजा घ्यायचे, असं वाचलंय. काही इंडोनेशियन लोकच म्हणतात की बंद करा.

---

सुपारीफुल | २ मार्च

हो, तो वाद इथे दर ऑगस्टला होतो आणि त्यात तथ्य आहे. डचांच्या काळात मेजवान्यांना हा खेळ ठेवत. मी शेजारच्या आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तेव्हा बघणारे ते होते. आता बघणारे आम्ही, चढणारे आम्ही, आणि कुकर आमच्याच घरी जातो." मला त्यांचं म्हणणं पटलं. तुम्हाला नाही पटलं तरी चालेल.

---

आजोळ | ३ मार्च

मंडळी, ताईंचा प्रश्न राहिलाच की. केतकीबन, माझं मत सांगते. गुढी उभारा, पण भिंतीच्या आत. निरांजन मात्र नको. तिथे आग न पेटवणं हाच त्या दिवसाचा गाभा आहे, त्यात पळवाट शोधू नका. फुलं-अक्षता पुरे. श्रीखंड आदल्या दिवशी करून ठेवा. आणि सगळ्यात आधी इबूंना विचारा. उत्तर नाही आलं तर नाही.

२०२० मला विसरता येत नाही. २५ मार्चला न्येपी आणि पाडवा एकत्र आले होते आणि भारतात त्याच दिवशी टाळेबंदी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी आईला फोन केला तर म्हणाली, "काल आमच्या पेठेतही तुझी न्येपीच होती गं. गुढ्या उभ्या आणि रस्त्यात चिटपाखरू नाही."

---

केतकीबन | ८ मार्च

इबूंना विचारलं. त्यांनी लगेच हो-नाही केलं नाही. वस्तीच्या प्रमुखांना विचारून सांगते म्हणाल्या. दोन दिवस माझ्या पोटात गोळा. काल संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बोलेह." चालेल. आणि अटी बोटांवर मोजल्या: भिंतीच्या वर टोक जाता कामा नये, ज्योत नाही, घंटा नाही, अंधार पडायच्या आत उतरवायची. मग विचारलं, पानं कुठली लागतात? कडुलिंबाचा फोटो दाखवला. म्हणाल्या, अरे, हा तर इंतारान. भावाच्या गावी उत्तरेकडे बुलेलेंगला खूप आहेत, मागवते.

बावनकशी, विचारल्याने माझा सण कुठेही लहान झाला नाही, हे मुद्दाम सांगते.

---

बावनकशी | ८ मार्च

वाचून खरंच आनंद झाला. तुमचं बरोबर होतं.

---

केतकीबन | २१ मार्च

लिहिते, सविस्तर लिहिते, कारण हा दिवस मला जपून ठेवायचाय.

१८ ला दिवसभर स्वयंपाक. चक्का आदल्या रात्रीच टांगला होता. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. संध्याकाळी लेकाला खांद्यावर घेऊन चौकात ओगोह-ओगोह बघायला गेलो. तो आधी घाबरला, मग त्याला संत्रंभाऊंची मारबत सांगितली, तर बाकीच्या वेळात "घेऊन जा गे" ओरडत होता. रात्री घरी येऊन खिडक्यांना काळी चादर लावली.

१९ ला सहाला वस्तीतला लाकडी घंटानाद झाला आणि मग काहीच नाही. एरवी पहाटेपासून स्कूटरींचा आवाज असतो. त्या दिवशी कबुतरं आणि कुठेतरी लांबवर समुद्र. सानूरला समुद्र आहे हे मला घरात बसून पहिल्यांदा ऐकू आलं.

साडेनऊला गुढी. बांबू माझ्या छातीएवढा. आईच्या जुन्या खणाचा तुकडा, निऱ्या करून. इंताराननी भरलेली डहाळी, आंब्याची पानं, पिवळा चाफा, गुहागरहून कुरिअरने आलेली साखरेची गाठी (तीन कड्या मोडून चुरा झाल्या होत्या, त्या नैवेद्याला), वर तांब्या. अंगणातल्या ओट्याला सुतळीने बांधली. घंटा नाही, आरती ओठांत. नवऱ्याने मनात म्हटली, मी मनात म्हटली, आणि आम्ही दोघं एकदमच संपवून डोळे उघडले. लेकाने कडुलिंबाचं पान चावलं आणि तोंड वाकडं करून ओरडायला गेला, तेवढ्यात स्वतःच दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

इबू त्यांच्या पडवीत बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांचा उपास आणि मौन. त्या बोलल्या नाहीत, उठल्याही नाहीत. गुढीकडे बघून दोन्ही हात कपाळापर्यंत नेले आणि परत डोळे मिटले.

साडेसहाच्या आत उतरवली. मग अंधार पडला. इतका की तांब्या कुठे ठेवला ते हाताने चाचपून शोधावं लागलं. लेक मांडीत बसून गाठी खात होता, कडी फोडल्याचा कट्ट आवाज तेवढा येत होता. भिंतीपलीकडून पचालांगची पावलं गेली. वर ढग हटले तेव्हा एवढे तारे होते की त्याने विचारलं, "हे सगळे कधी आले?"

२० ला सकाळी न्येपी सुटल्यावर लोक एकमेकांकडे क्षमा मागायला जातात. इबू आल्या, क्षमा मागितली, आम्हीही मागितली. मग वाटीभर श्रीखंड खाल्लं आणि म्हणाल्या, गोड आहे, पण त्या पानांबरोबर खाऊन बघायला हवं होतं.

---

निळी पहाट | २१ मार्च

दोनदा वाचलं. लेकाने तोंडावर हात धरला तिथे थांबले.

---

काळा कडा | २१ मार्च

गाठी कुरिअरने पाठवताना तांदळाच्या डब्यात पुरून पाठवायला सांगा ताई. आमची काकी दुबईला तशीच पाठवते, एक कडी मोडत नाही.

---

पाटीपेन्सिल | २२ मार्च

पुढच्या वर्षीची चिंता नको. यंदा आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला. न्येपी त्याच्या आधीच मार्चमध्ये होऊन गेलेली असेल. निरांजनही लावता येईल.

---

केतकीबन | २२ मार्च

तांदळाच्या डब्याचं आजच आईला सांगते. आणि ७ एप्रिल इबूंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून आले. त्यांनी त्याच चौकोनात खाली बारीक अक्षरात इंतारान लिहिलंय, भावाला आठवण करायला.